नवे बेअरिंग बसविण्यापूर्वी

वैशाख संपत आला की वसई तालुक्याच्या पूर्व पट्टीतील भातखाचरांत राब भाजून झालेले असतात. कामण, पोमण, सातिवली या बाजूचे ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि ट्रॉल्या मग वालीवच्या रस्त्याला लागतात. वालीव हे गाव आज शेतीपेक्षा कारखान्यांच्या नावाने अधिक ओळखले जाते. मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून जवळच असलेल्या या गावात लेथ, वेल्डिंग, जोडारी आणि साचेकामाचे लहानमोठे गाळे दाटीने उभे आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोयच म्हटली पाहिजे. ज्या सुट्या भागासाठी अन्य तालुक्यातील शेतकऱ्याला दोन दिवसांची खेप पडते, तो भाग येथे सकाळी मागितला तर संध्याकाळी हाती येतो. परंतु सोय जितकी जवळ येते तितकी घाई वाढते, हा अनुभव येथेही येतो.

ट्रॅक्टरचे पुढचे चाक खडखडते, म्हणून ते गाळ्यावर आणले जाते. चाक काढले जाते, हबमधील जुने बेअरिंग ठोकून बाहेर पाडले जाते, दुकानातून नव्याची पेटी येते. पेटी तेथेच फाडली जाते. ज्या हाताने आताच काळे ग्रीस आणि चिखल पुसला, त्याच हाताने चकचकीत नवे बेअरिंग उचलून हबच्या तोंडावर ठेवले जाते आणि हातोडीचे चार घाव घालून आत बसविले जाते. वरून डब्यातील ग्रीसचा एक गोळा बोटाने थापला, टोपी लावली, नट आवळला, की काम झाले. मालकही समाधान पावतो. कारण नवा माल पडला आहे आणि पैसे मोजले आहेत. पंधरा-वीस दिवसांनी, नेमकी चिखलणी ऐन रंगात आली असता, तेच चाक पुन्हा खडखडू लागते. दोष मग कंपनीवर जातो, दुकानदारावर जातो, क्वचित नशिबावरही जातो.

पेटीतील नव्या बेअरिंगविषयी एक समजूत फार पसरलेली आहे. कंपनीतून बंद होऊन आलेल्या मालाला पाहायचे काय, आणि त्याला तेल लागलेलेच असते, मग आणखी वंगण कशाला, असे जाणते कारागीरही बोलून दाखवितात. या समजुतीत थोडे तथ्य आहे. म्हणूनच ती अधिक नडते.

नव्या बेअरिंगवर जो तेलाचा पातळ थर दिसतो तो चाक चालविण्यासाठी दिलेला नसतो. कारखान्यातून निघाल्यापासून दुकानाच्या फळीवरून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत गंज चढू नये, एवढेच त्याचे काम. त्या थरावर विसंबून चाक फिरविणे म्हणजे घराला रंग लावण्यापूर्वीचा अस्तराचा हात देऊन पावसाळा काढण्यासारखे आहे. बेअरिंगच्या नेहमीच्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. त्यामुळे ते अत्यंत कठीण होते. परंतु न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियमचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक लागते. आरशासारखी झळाळी पाहून हे लोखंड गंजणार नाही अशी खात्री कोणी बाळगू नये. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या बेअरिंगला घामाच्या बोटांचा ठसा लागला, तरी त्या ठशाच्या जागी गंजाचा डाग उमटतो. आणि जेथे डाग पडला तेथूनच पुढे पापुद्रा सुटतो.

येथे वंगणाचे कार्य थोडे समजावून घेणे अगत्याचे आहे. बेअरिंगमधील गोळ्या किंवा रूळ कडीवर लोळतात तेव्हा दोन पोलादी पृष्ठे एकमेकांना प्रत्यक्ष भिडू नयेत, अशी योजना असते. त्यांच्यामध्ये तेलाचा एक पडदा राहतो. त्या पडद्याची जाडी माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेले तेल होय. स्पंज जसा पाणी धरतो आणि दाब पडला की थोडे थोडे सोडतो, तसा ग्रीसमधील साबण तेल सोडीत राहतो. आता या केसाहून बारीक पडद्यात खाचरातील रेतीचा एक कण गेला तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. तो कण पडद्याहून कितीतरी पटींनी जाड असतो. तो रुळाखाली चिरडला जातो, कडीवर सूक्ष्म खळगा पाडतो, त्या खळग्याच्या कडा पुढे झिजतात आणि झिजलेले पोलादाचे कण पुन्हा रुळाखाली येतात. बेअरिंग अशा रीतीने आपल्याच चुऱ्याने दळले जाते. गाळ्याच्या जमिनीवरची धूळ, ग्रीसच्या उघड्या डब्यात पडलेली लेथची कीस, मळका बोळा, यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक नाही ती याच कारणाने.

जुन्या बैलगाडीच्या काळी ही जाण घरोघर होती. गाडीच्या तळाशी वंगणाचे नळकांडे लोंबत असे. करंजेल किंवा एरंडेल यांत भिजविलेल्या चिंध्या त्यात असत. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चाक उतरवून आख पुसल्यावाचून आणि वंगण घातल्यावाचून गाडीवान जू उचलीत नसे. चाक कुरकुरू लागले तर तो गाडीवानाचा कमीपणा मानला जाई. त्या चाकात गोळ्या नव्हत्या की रूळ नव्हते. लाकडी तुंब्यातील लोखंडी नळी आखावर घासत फिरे, आणि थोडी माती गेली तरी गाडी ओढली जाई. हल्लीचे चाक त्याहून शतपटीने सुळसुळीत आहे. पण ते माती सोशीत नाही. खडबडीत साधनाला जी निगा मिळत होती ती नाजूक साधनाला मिळू नये, हा उलटा न्याय झाला.

निमुळत्या रुळांचे जे बेअरिंग आज बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांत आणि ट्रॉलीच्या आखावर असते, त्याचा जन्मही गाडीच्याच चाकासाठी झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेत सेंट लुईस येथे हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बांधणारा कारखानदार होता. गाडी वळताना चाकावर जो आडवा जोर येतो तो साध्या बेअरिंगला झेपत नाही, हे त्याने पाहिले आणि रुळांना निमुळता आकार दिला. १८९८ मध्ये त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. वरून येणारा भार आणि बाजूने येणारा रेटा असे दोन्ही हे बेअरिंग पेलते. मात्र एका दिशेचाच रेटा. म्हणून चाकात अशी दोन बेअरिंगे समोरासमोर तोंडे करून बसवावी लागतात आणि त्यांतील सैलपणा नटाने नेमका ठेवावा लागतो. महाराष्ट्रात या यंत्रविद्येची ओळख सायकलीने करून दिली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढण्यापूर्वी, १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान थाटले होते. पुढे देशातच बेअरिंगे होऊ लागली. जयपूरचा कारखाना १९४६ मध्ये स्थापन झाला. पुण्याजवळ चिंचवड येथेही साठ-सत्तरच्या दशकांपासून बेअरिंगे होत आली आहेत. सायकलीचे चाक उघडून छर्रे घासलेटात धुणारा आणि पिवळे ग्रीस भरून पुन्हा बसविणारा मुलगा प्रत्येक गावात असे. त्याला जे कळत होते तेच लाखो रुपयांच्या ट्रॅक्टरबाबत विसरले जाते, याचे नवल वाटते.

आता तपासणी. पेटी उघडण्यापूर्वीच ती सुरू होते. जुन्या बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक पुसून वाचावा आणि नव्या पेटीवरील व प्रत्यक्ष कडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. गोळ्यांच्या सामान्य बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले असता आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०५ चे भोक पंचवीस, ६२०६ चे तीस. हा हिशेब शेवटचे अंक ०४ व त्यापुढचे असतील तेथे लागू पडतो. क्रमांकानंतरची अक्षरेही वाचली पाहिजेत. ‘सी ३’ असे लिहिलेले बेअरिंग आतून मुद्दाम थोडे सैल केलेले असते. ते सदोष नव्हे, आणि जेथे साधे सांगितले आहे तेथे ते चालेलच असेही नाही. निमुळत्या बेअरिंगची बाहेरची कडी आणि रुळांसह आतली कडी अशी जोडी येते. जोडीतील एकच भाग बदलून दुसरा जुना ठेवण्याची काटकसर पुष्कळ ठिकाणी चालते. बाहेरची कडी हबमध्ये घट्ट बसलेली असते, ती पाडण्याचा कंटाळा येतो, हे त्याचे खरे कारण. नवे रूळ जुन्या झिजलेल्या कडीवर लोळू लागले की नव्याचे आयुष्यही जुन्याइतकेच उरते.

नकली मालाचा प्रश्नही येथेच येतो. नामांकित कंपनीच्या पेटीसारखी पेटी छापून हलका माल विकण्याचा धंदा जगभर चालतो आणि त्याविरुद्ध बेअरिंग कंपन्यांनी मोबाइलवरून पेटी तपासण्याच्या सोयी काढल्या आहेत. भाव फारच कमी असेल, पेटीवरील अक्षरे पुसट किंवा चुकीची असतील, कडीवरील क्रमांक कोरीव नसून वरवर उमटविल्यासारखा असेल, तर ते बेअरिंग परत करावे. पक्के बिल मागण्यात संकोच बाळगू नये. बिलावाचून घेतलेल्या मालाची तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

पेटी स्वच्छ जागी, धुतलेल्या हातांनी, कोरड्या कापडावर उघडावी. बेअरिंग उजेडात धरून सावकाश फिरवून पाहावे. कड्यांवर तांबूस ठिपके, रुळांवर ओरखडे, रूळ धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला पोचा, बोटांना जाणवणारी अडखळण, यांपैकी काही आढळल्यास ते बसवू नये. कोरडे बेअरिंग हवेच्या नळीने भणाणा फिरवून दाखविण्याची गाळ्यांतील हौस मात्र सोडून दिली पाहिजे. वंगणाशिवाय वेगाने फिरल्याने रूळ व कडी चरतात, आणि एखादा रूळ निसटून डोळ्याला लागण्याचा धोका वेगळाच.

धुवावे की धुऊ नये? या प्रश्नावर कारागिरांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांचे चुकते. काही जण नवे बेअरिंग कधीच धूत नाहीत. काही जण प्रत्येक बेअरिंग, अगदी रबरी झाकणाचेसुद्धा, घासलेटाच्या पाटीत बुचकळतात. ज्या घासलेटात सकाळपासून तीन गिअरबॉक्स धुतले गेले त्यात नवे बेअरिंग बुडविणे म्हणजे स्वच्छ वस्तू मुद्दाम मळविणे होय. पेटी शाबूत असेल, आतील तेलाचा थर पातळ व निर्मळ असेल, तर धुण्याची गरज नाही. तो थर नेहमीच्या ग्रीसशी सहसा जुळवून घेतो. भोकाचा आतला पृष्ठभाग व कडीची बाहेरची बाजू तेवढी पुसून घ्यावी, म्हणजे ते जागेवर नीट बसते. थर जाड, चिकट, मेणासारखा झाला असेल, पेटी फाटलेली असेल, किंवा माल बरीच वर्षे फळीवर पडून धूळ खात असेल, तर मात्र नव्या, गाळलेल्या घासलेटात ते धुवावे, पूर्ण सुकू द्यावे आणि लगेच ग्रीस भरावे. धुतलेले बेअरिंग रात्रभर उघडे ठेवल्यास वसईच्या हवेत सकाळी त्यावर गंज दिसेल.

ज्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबराचे किंवा पत्र्याचे झाकण असते, त्याची गोष्ट निराळी. त्यात योग्य प्रकारचे व योग्य तेवढे ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. ते धुऊ नये, झाकण उचकटून आणखी ग्रीस कोंबू नये, तापवू तर मुळीच नये. पॉवर टिलरच्या व लहान अवजारांच्या काही भागांत अशी बेअरिंगे असतात. तेथे जास्तीची काळजी घेतल्यानेच नुकसान होते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रात्यक्षिकाच्या वेळी उघडे आणि झाकलेले अशी दोन्ही बेअरिंगे शेजारी ठेवून हा फरक हातात देऊन दाखविला, तर अर्धे काम झाले असे समजावे.

ग्रीसची निवड रंगावरून होत नाही. तांबडे, निळे, पिवळे हे रंग उत्पादकाने आपल्या ओळखीसाठी घातलेले असतात. चुन्याच्या साबणाचे जुने ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेने पातळ होऊन वाहून जाते. सोड्याच्या साबणाचे उष्णता सोसते, पण पाण्यात विरघळते. चिखलणीच्या चाकाला ते अगदी अयोग्य. लिथियम साबणाचे बहुउपयोगी ग्रीस दोन्ही बाबतींत पुष्कळच समाधानकारक असल्याने ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत बहुधा तेच सांगितलेले असते. घट्टपणाचा क्रमांक २ की ३, हेही तेथे दिलेले असते. दोन निराळ्या साबणांची ग्रीसे एकत्र झाली तर कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहतात. म्हणून हबमधील जुने ग्रीस बोटाने निपटून न थांबता ते कोपऱ्यांपर्यंत साफ पुसून काढावे. नव्या बेअरिंगशेजारी जुने काळे ग्रीस ठेवणे म्हणजे त्या नव्याला पहिल्या दिवसापासून जुना चुरा खाऊ घालणे.

भरण्याची रीत साधी आहे, पण ती हाताखाली बसून शिकावी लागते. डाव्या तळव्यावर लिंबाएवढे ग्रीस घ्यावे. रुळांच्या कडीचे रुंद तोंड तळव्याच्या कडेशी असलेल्या ग्रीसवर दाबीत, खरवडल्यासारखे आपल्याकडे ओढावे. असे वारंवार केल्यावर रुळांच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीसचे धागे बाहेर येतात. मग बेअरिंग थोडे फिरवून पुढच्या रुळांकडे वळावे. सगळा वेढा असा भरला म्हणजेच बेअरिंग भरले. वरून बोटाने थापलेला गोळा रुळांच्या आतपर्यंत पोचत नाही. तो हबच्या पोकळीतच बसून राहतो आणि रूळ उपाशी फिरतात. गाळ्यांतील निम्म्याहून अधिक चुका याच एका गोष्टीत सापडतील असे म्हणण्यास हरकत नाही.

बेअरिंग गच्च भरावे. हबची पोकळी मात्र तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच भरावी. ट्रॉली रस्त्यावर वेगाने धावते तेव्हा जास्तीचे ग्रीस घुसळले जाते, तापते आणि सील ढकलून बाहेर येते. ब्रेक असलेल्या चाकात ते ब्रेकच्या पट्ट्यांवर गेले तर ब्रेक लागेनासा होतो. केवळ चिखलात, मंदगतीने चालणाऱ्या चाकाची पोकळी अधिक भरलेली चालते, कारण तेथे ग्रीस पाण्याला अडविण्याचेही काम करते. परंतु तसे पुस्तिकेत सांगितले असेल तेथेच करावे.

बसविताना हातोडी थेट बेअरिंगवर पडता कामा नये. जी कडी घट्ट बसवायची तिच्यावरच जोर द्यावा. बाहेरची कडी हबमध्ये घालायची तर बाहेरच्या कडीवर, आतली आखावर चढवायची तर आतल्या कडीवर. योग्य मापाचा नळीचा तुकडा, किंवा काढलेली जुनी कडी बाहेरून थोडी घासून मध्ये ठेवली, तर सारखा दाब येतो. उलट कडीवर ठोकल्यास तो घाव गोळ्यांमधून जातो आणि प्रत्येक गोळीचा खळगा कडीवर उमटतो. असे बेअरिंग पहिल्या फेरीपासून गुरगुरते आणि लोक म्हणतात, माल खराब निघाला. गॅसच्या ज्योतीने कडी लाल करून चढविणारे कारागीरही आहेत. त्या तापाने पोलाद मऊ पडते आणि पुढे त्याला कोणतेही ग्रीस वाचवू शकत नाही. ज्या जागेवर बेअरिंग बसायचे त्या जागेवरील ओरखडे व उठलेली कड बारीक कानसीने साफ करून, पुसून घ्यावी. सील प्रत्येक वेळी नवे घालावे आणि त्याच्या ओठाला ग्रीसचा हात द्यावा. ऐंशी-शंभर रुपयांचे सील वाचविण्यासाठी त्याच्या आतील बेअरिंगवर चिखल ओढवून घेणे हा हिशेब जमत नाही.

नट आवळताना चाक हाताने फिरवीत राहावे. चाक जड फिरू लागले की नट पुस्तिकेत सांगितला असेल तितका मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि वरखाली धरून हलविले असता डगडगता कामा नये. मग स्प्लिट पिन घालावी, तीही नवी. जुनी वाकडी खीळ सरळ करून पुन्हा घालण्याने वाचतात किती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा सर्व खटाटोप एका चाकासाठी, असा प्रश्न कोणी करील. उत्तर भाताच्या दिवसांत शोधावे लागते. कोकणपट्टीत वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की लावणी व्हावी लागते. रोप जून झाले तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे खताने भरून निघत नाही. वसईच्या पूर्व भागात प्रत्येकाजवळ ट्रॅक्टर नाही. एकाचा ट्रॅक्टर पाच-सात घरांची चिखलणी ओळीने करून देतो. त्याचे चाक अडकून तो चार दिवस बांधावर उभा राहिला, तर तोटा केवळ मालकाचा होत नाही. ओळीत शेवटी असलेल्या घराचे रोप जून होते, आणि ते घर बहुधा सर्वांत लहान खातेदाराचे असते. खाडीलगतच्या खाजणात तर चिखल खारट असतो. सील सुटलेल्या हबमध्ये तो एकदा शिरला की पुढची झीज फार झपाट्याने होते.

रस्त्याचा धोका याहून भारी आहे. भात, पेंढा किंवा विटा भरून ट्रॉली महामार्गाच्या कडेने निघते, शेजारून अवजड वाहने धावतात. अशा वेळी बेअरिंग अडकून आख तापला किंवा चाकच निसटले, तर काय ओढवेल ते वर्णन करून सांगावयास नको. ट्रॉली भरताना आणखी एक हिशेब ध्यानी असावा. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही. ते आठव्या हिश्शावर येते. रुळांच्या बेअरिंगचे त्याहूनही खाली, सुमारे दहाव्या हिश्शावर. आखाच्या ताकदीपलीकडे भरलेल्या ट्रॉलीला कितीही निगुतीने ग्रीस भरले तरी त्याचा उपयोग मर्यादितच होणार.

कारागिराला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. त्याची मजुरी चाकामागे ठरलेली असते. अर्धा तास जादा लावून तो बेअरिंग हाताने भरू लागला, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे देण्यास मालक तयार नसतो. उलट शेजारच्या गाळ्यात काम लवकर होते म्हणून तिकडे जातो. गाळ्यांतील तरुण पुष्कळदा शिकलेले असतात, त्यांना रीत ठाऊकही असते. ती रीत विकत घेणारा गिऱ्हाईक त्यांना भेटत नाही. शेतकऱ्याने मजुरी ठरवितानाच सांगावे की बेअरिंग तळव्यावर भरून पाहिजे, ते समोर भरलेले पाहावयाचे आहे, आणि त्याचे दाम वेगळे मिळतील. पंधरा वीस मिनिटे स्टुलावर बसून राहिल्याने अप्रतिष्ठा होत नाही.

सरकारी बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून ट्रॅक्टर, टिलर आणि अवजार बँका यांना अनुदान मिळू लागले आणि यंत्रे वाड्यापाड्यांवर पोचली. ही प्रगती मोठी आहे. मात्र यंत्र पोचल्याची नोंद ज्या तत्परतेने होते, तितक्या तत्परतेने ते तिसऱ्या पावसाळ्यात चालते आहे की शेडमध्ये गंजते आहे, हे पाहिले जात नाही. अवजार बँकेच्या प्रत्येक यंत्राला एक वही असावी. बेअरिंग केव्हा बदलले, कोणत्या क्रमांकाचे, ग्रीस कोणते, हे तीत लिहिलेले असावे. बँकेजवळ झाकणाचा ग्रीसचा डबा, स्वच्छ कापड, ब्रश, एक पसरट थाळा आणि योग्य पाने एवढे साहित्य असले तरी पुष्कळ आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मे महिन्यातील बैठकीत बियाणे आणि खते यांवर तास जातात, ते योग्यच. त्यातील एक तास एखाद्या उघडलेल्या चाकाभोवती बसून घालविला तर तोही वाया जाणार नाही. वालीवसारख्या ठिकाणी ही बैठक कार्यालयाऐवजी एखाद्या गाळ्यातच भरविता येईल. कारागीर, ट्रॅक्टरमालक आणि कार्यकर्ता तेथे एका चाकाशी बसतील आणि कोणाचे कोठे चुकते ते तिघांनाही एकदम दिसेल.

चाक बसवून झाल्यावर पहिल्या तासाभराच्या कामानंतर ट्रॅक्टर थांबवून हबवर हात ठेवून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात टेकवत नसेल इतका तापला असेल तर नट फार आवळला आहे किंवा ग्रीस आत पोचलेले नाही. तसाच पुढे रेटू नये. पहिल्या दिवसाच्या शेवटी चाक उचलून डगडग पुन्हा तपासावी, कारण नवी कडी जागेवर पुरती बसल्यावर किंचित सैलपणा येतो. चिखलणीच्या दिवसांत जेथे ग्रीसची निपल आहे तेथे रोज संध्याकाळी, निपल पुसून, स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत पंप मारावा. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर धरू नये. आणि ग्रीसच्या डब्याचे झाकण, काम संपण्याची वाट न पाहता, प्रत्येक वेळी लगेच लावावे.